वीज पिणारा टाक

छातीवरचा देव तापला तेव्हा सावळाराम कात्रजच्या फ्लॅटमध्ये, मुलाच्या दिवाणावर भिंतीला पाठ लावून बसला होता आणि खाली रस्त्यावर भाजीवाला मेथीच्या नावानं गळा काढत होता. देव तापायची ही काही वेळ नव्हे आणि जागाही नव्हे. समोर टीव्ही, टीव्हीवर सुनेनं वाळत टाकलेला टॉवेल. पण तापला खरा. आधी कोमट झाला, नुकत्याच काढलेल्या दुधासारखा, मग चांगला ऊन लागायला लागला. सावळारामनं डोळे मिटले. चैत्र लागला की भैरवनाथाचा चांदीचा टाक लाल फडक्यात गुंडाळून छातीवर डाव्या अंगाला बांधायचा, हे त्याच्या घराण्यात चालत आलेलं. बापानं बांधला, आज्यानं बांधला, पण देव असा अंगाला लागून कुणाशी बोलल्याचं ऐकिवात नव्हतं. डोळ्यांच्या कडा ओल्या झाल्या. बोल बाबा, तो मनात म्हणाला, ऐकतोय. आणि देवाच्या जागी मशीन बोललं. टुंई, टुंई, टुंई. "अप्पा, नीट धरा की ते," सून प्रगती आतून ओरडली. तिला कामावर जायची घाई होती. "मघापासून बोंबलतंय. बॅटरी भरलीच नाही ना तुमची?" सावळारामनं मशीन सरकवलं, दाबलं, वर घेतलं, खाली घेतलं. टुंई. देव मात्र ऊन तो ऊनच.

मशीन म्हणजे बशीएवढं गोल वेटोळं, त्याला वायर, वायरीच्या टोकाला डबा. ते छातीवर धरायचं. छातीत, डाव्या हाडाच्या खाली, कातड्याच्या आत काडेपेटीएवढी बॅटरी, आणि तिथून मानेतून वर मेंदूत गेलेली तार. सावळारामचा उजवा हात थरथरायचा म्हणून गेल्या दिवाळीच्या सुमाराला डॉक्टरांनी हे सगळं आत बसवलं होतं. चालू केलं त्या दिवशी हात असा गप्प झाला की जणू मास्तर वर्गात शिरले. पण बॅटरीला खायला लागतं, आणि माणसाच्या छातीला काही पिन खुपसता येत नाही. दवाखान्यातल्या एका पोरगेल्या इंजिनिअरनं समजावलं होतं, "आजोबा, एक वेटोळं बाहेर, तसलंच एक आत. बाहेरच्यात वीज नाचायला लागली की आतलं पण नाचतं. मध्ये कातडं असलं तरी चालतं." "न शिवता?" सावळारामनं विचारलं होतं. "न शिवता. दोन पत्रे समोरासमोर धरले तरी थोडी जाते, पण ती तऱ्हा निराळी." ती निराळी तऱ्हा सावळारामला पोरपणापासून ठाऊक होती. गावाकडं, हिर्डोशीच्या वरच्या सड्यावरून विजेची मोठी लाईन गेलेली. श्रावणातल्या बुरबुरीत बापाबरोबर तिच्याखालून जाताना छत्रीची दांडी गालाला लागली की गालात मुंग्या धावायच्या. त्यानं छत्री टाकून दिली होती, आणि बाप हसून म्हणाला होता, "आरं, भिऊ नगं. येवढ्या उंचावर एकटं लोंबायचं म्हंजी तारंला बी माणसाचा लळा लागतो. हात फिरवती ती." आता साठीनंतर त्याच्या छातीत एक वेटोळं होतं आणि त्याला कुणाचा लळा लागत नव्हता. टुंई.

आणि रुसायला वेळ कसली निवडली होती त्या वेटोळ्यानं! जत्रा दुसऱ्या दिवसावर आलेली. दर जत्रेला भैरवनाथाच्या मूर्तीवरचं जुनं शेंदराचं कवच काढायचं, नवा शेंदूर लिंपायचा, आणि त्यावर मेणानं चांदीचे डोळे बसवायचे. डोळे बसवायचा मान सावळारामच्या घराचा. आणि गाव ते डोळे वाचतं. केसभर इकडं, केसभर तिकडं, त्यावर वर्ष ठरतं. आज्यानं एकदा डोळे जरा वर बसवले, तर त्या वर्षी बिबट्या वेशीवर येऊन मागं फिरला, आणि जाताना शेपूट जमिनीला टेकवून गेला म्हणतात. बापाच्या हातून एकदा खाली बसले, तर नाचणीची कणसं माना घालून उभी, आणि गावातल्या साऱ्या सासवा एक वर्षभर सुनांशी खालच्या पट्टीत बोलल्या. ह्यातलं निम्मं सोडून द्या, तरी उरलेलं निम्मं गावाला पुरतं. मग सावळारामचा हात थरथरायला लागला आणि देव चकणा झाला. पहिल्या वर्षी लोक गप्प बसले. दुसऱ्या वर्षी त्याचा चुलतभाऊ बाजी सभामंडपात मोठ्यानं म्हणाला, "लई ब्येस. एक डोळा वरंध्याकडं, एक भोरकडं. पाऊस कुठनं बी येऊ द्या, द्येवाला दिसल." मंडप खदखदून हसला होता. ते हसू सावळारामनं पुण्यात आणलं, आणि ते त्याच्याबरोबर दिवाणावर झोपत होतं. पंचांनी सांगून ठेवलं होतं की यंदा डोळे सरळ बसले तर ठीक, नाहीतर पुढच्या वर्षापासून मान बाजीचा. मेंदूत तार घालून घेताना मुलाला वाटलं होतं की बापाला घास तोंडात नीट जावा म्हणून चाललंय. घास काय, सावळाराम वाटीला तोंड लावून जेवला असता.

भोरच्या एसटीत खिडकीशी बसून त्यानं पुन्हा वेटोळं शर्टात घातलं. पुन्हा देव तापला, पुन्हा टुंई. पुढच्या बाकावरच्या बाईनं वळून बघितलं. "मोबाईल हाय," तो म्हणाला. शेजारी बायको पारूबाई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, "छातीत ठेवलाय व्हय मोबाईल? रेंज चांगली मिळती वाटतं." मेंदूतली तार चालू-बंद करायच्या रिमोटवर बॅटरीचं चित्र लाल झालं होतं. भोरच्या स्टँडवर, मुतारीच्या भिंतीआड जाऊन त्यानं कंपनीचा नंबर फिरवला. शेफाली नावाची मुलगी बोलायला आली. आवाज गोड, गोळी कागदातून काढून द्यावी तसा. "काका, वेटोळं बरोबर बॅटरीवर धरलंय?" "व्हय." "मध्ये काही धातू आहे का? चेन, लॉकेट, पिन?" "न्हाई," सावळाराम म्हणाला. देवाला लॉकेट म्हणायला त्याची जीभ रेटेना. "गरम लागतंय का काही?" त्यानं शर्टावर हात नेला. मागं गाडी लागली, कंडक्टरनं कुणाला तरी शिवी दिली. "काका? गरम लागतंय का?" "...लागतंय." "मग धातू आहेच. वेटोळं आणि बॅटरी यांच्यामध्ये धातू आला की वीज त्यातच गरगर फिरते. तो तापतो. आतपर्यंत काही पोचतच नाही. सगळी वीज तोच पितो बघा." "त्यो पिनारा न्हाई," सावळाराम एकदम उसळून म्हणाला. "कोण, काका?" "कोन न्हाई." त्यानं फोन ठेवला.

म्हणजे तो ऊनपणा देवाचा नव्हता. सकाळी भिंतीला पाठ लावून आपण ज्याला 'बोल बाबा' म्हटलं ते चांदीच्या पत्र्यात गरगरणारं भाडोत्री वारं होतं, इलेक्ट्रिक इस्त्रीत असतं तसलं. हिर्डोशीच्या गाडीत बसल्यावर सावळारामला आधी हसू आलं, मग राग आला, आणि राग कुणावर धरावा ते कळेना. देवावर धरावा तर तो बिचारा फडक्यात बांधलेला. कंपनीवर धरावा तर तिनं सांगितलं ते खरं. पोरीवर धरावा तर ती काका म्हणाली. राहता राहिले आपले ते दोन टिपूस, फुकट गेलेले. बुवा-बाबासमोर रडलो असतो तरी एखादा अंगारा मिळाला असता. गाडीच्या काचेवर पाटी होती, 'हिर्डोशी'. संगणकातून काढलेली, फ्लेक्सची. त्याला तिच्याकडं बघवेना. एसटीच्या वर्कशॉपात तीस-पस्तीस वर्षं त्यानं पाट्या रंगवल्या होत्या. त्याचा 'ढ' असा पोटात वळायचा की डेपो मॅनेजर म्हणायचे, सावळाराम, हा ढ हुशार आहे. वेल्ह्याचा 'ल्हे' लिहिताना तो श्वास धरायचा, कारण तिथं कुंचला एकदाच वळतो, दुसऱ्यांदा वळला की घाटातच गाडी घसरली समजायचं. मग फ्लेक्स आला. सगळे ढ सारखे, कुणाचा कुणाला पत्ता नाही. त्याच सुमाराला हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले आजार आहे, पण सावळारामची आतली समजूत निराळी होती. हाताला काम राहिलं नाही म्हणून तो उगाच हवेत काहीतरी लिहीत बसतो, अशी.

फडकं थोडं बाजूला सरकवून बघावं म्हटलं तर टाक पुन्हा घसरून कातड्याखालच्या उंचवट्यावर येऊन बसे, जणू डॉक्टरनं ती खोबणी देवासाठीच केली होती. गाठ सोडायची सोय नव्हती. गाठ मारायची घरधनिणीनं आणि सोडायची ती डोळे बसल्यावर, ही रीत. देव ठेवावा तर हात जातो, हात ठेवावा तर देव उतरतो. माणसाला कोंडीत धरायला देव आणि कंपनी यांनी मिळून एवढीशीच जागा निवडावी, काडेपेटीएवढी! वरंध्याच्या बाजूचे डोंगर उन्हात पांढुरके पडले होते. उजवा हात मांडीवर हळूहळू जागा होत होता. आधी करंगळी. मग तिच्या शेजारची. सावळारामनं डाव्या हातानं त्याला दाबून धरलं, चोराला धरावं तसं.

गावात उतरल्या उतरल्या बाजी समोर. देवळाच्या पायरीवर बसून तो मेण मळत होता, अंगठ्यानं, सवय असल्यासारखा. "ये, ये सावळ्या. चार्जिंग करून आलास का?" आजूबाजूची चार माणसं हसली. "तू मेनाला हात कशापायी लावलास?" सावळारामनं विचारलं. "मऊ करतोय. उद्या तुज्या हातातनं उडालं तर कुनाच्या डोळ्यात जाया नगं." मग बाजी हसायचा थांबला आणि हे जास्त वाईट झालं. "खरं सांगू का? मला एक इचारायचंय. मशीन चालू आसंल तर हात सरळ, बंद आसंल तर वाकडा. मंग डोळं तू बसवनार का ती कंपनी? कंपनीला मान द्यायचा आसंल तर तसं सांग, म्हंजी आमी तिला टोपी-उपरणं आणून ठिवतो." सावळाराम वळून घराकडं चालायला लागला. उत्तर सुचलं ते घराच्या ओट्यावर पोचल्यावर, आणि तेही शिवीच होती.

पारूबाईनं चहा दिला. पहिल्या घोटाआधीच निम्मा धोतरावर गेला. तिनं कपाकडं बघितलं, हाताकडं बघितलं, मग पदर खोचला. "अवो, पोरीनं काय सांगितलं फोनवर?" "काय न्हाई." "भोरच्या स्टँडवर म्या भिंतीच्या ह्या अंगाला हुते. सगळं ऐकलंय. वळा." "गाठ सोडायची न्हाई." "म्या बांधलीया नव्हं?" "डोळं बसल्याबिगर सोडत न्हाईत. रीत हाय." "रीत काय हाय? द्येव आंगावर पायजे, भुईला टेकायचा न्हाई. मंग टेकतोय कुठं? माझं आंग न्हाई व्हय ते? चाळीस वरसं तुमच्या घरात भाकरी थापल्या, द्येवाला माझ्या गळ्यात यायला लाज वाटती व्हय?" सावळाराम बोलायच्या आत तिनं गाठीत नख घातलं. फडकं सुटलं. क्षणभर छाती इतकी उघडी वाटली की त्यानं हात आडवा धरला. पारूबाईनं टाक आपल्या गळ्यात बांधला, पदराखाली सारला आणि वेटोळं त्याच्या छातीवर ठेवलं. मशीन एकदा गुरगुरलं आणि गप्प झालं. हिरवा दिवा लागला. बस्स. एवढंच. ना घंटा ना कौल.

त्याचीच त्याला जास्त चीड आली. सकाळपासून जीव टांगणीला, आणि उपाय काय तर बायकोच्या नखाएवढा. तो ओट्यावर वेटोळं धरून बसला, आणि वीज न शिवता, न विचारता आत चालली. ती कळत नव्हती. ना मुंग्या, ना ऊब. बापाच्या छत्रीतली वीज निदान गालाला सांगून तरी जायची. त्याला पारूबाईचा हेवा वाटला. "ऊन लागतोय का?" त्यानं हळूच विचारलं. ती तांदूळ निवडत होती. "कोन?" "त्यो." पारूबाईनं पदरात हात घालून बघितला. "गार हाय," ती म्हणाली. "नळाच्या तोटीवानी." आणि खडा काढून अंगणात फेकला.

सकाळी सभामंडप भरला. देव नव्या शेंदरात ओला, बिनडोळ्यांचा उभा होता, आणि बिनडोळ्यांच्या देवासमोर माणसं उगाच आवाज खाली ठेवून बोलतात तशी बोलत होती. पुढं बाळाबाई बसलेली. गावात डोळे वाचण्यात तिचा हात कुणी धरणार नाही, जरी तिला स्वतःला मोतीबिंदू झालेला होता. पंच एका बाजूला, बाजी खांबाशी. सावळारामनं मेणाची गोळी घेतली, चांदीचा डोळा तिच्यावर दाबला. हात स्थिर. इतका स्थिर की त्याला तो हात आपल्या खांद्याला लावलेला भाड्याचा हात वाटला. त्यानं उजवा डोळा उचलला, नेला, टेकवला. एकाच खेपेला. मंडपातून "आहा" निघालं. "मशिनीवानी बसला," कुणीतरी म्हणालं, आणि चांगल्या मनानंच म्हणालं. बाळाबाई मान पुढं काढून बघत राहिली, बघत राहिली, आणि शेवटी पुटपुटली, "सरळ हाय बाई. लई सरळ. कायच म्हनंना."

सावळारामनं मागं सरून बघितलं. डोळा बरोबर होता. त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि तो कुणाकडंही बघत नव्हता. एसटीच्या काचेवरून फ्लेक्सचं अक्षर बघतं तसा तो बघत होता. खाली कोण उभं आहे, आत कोण बसलंय, त्याला काही नाही. आज्याच्या डोळ्याला बिबट्या भ्यायला होता. ह्याला मांजर भ्यालं नसतं. तरी दुसरा असाच बसवला की झालं. मान राहील. हसू पुसलं जाईल. बाजी मेण मळत बसेल जन्मभर. सावळारामनं दुसरा डोळा उचलला, आणि हात त्याला न विचारता सरळ निघाला. सरळ, गुमान, पगारी. त्याच्या आत काहीतरी चवताळलं. इतक्या वर्षांचा 'ढ', श्वास धरून वळवलेला 'ल्हे', थरथर, चकणेपणा, लाज, यातलं काहीच ह्या हाताला ठाऊक नव्हतं. तो कालचा पोरगा होता. सावळारामनं हात मागं घेतला. "पारू," तो म्हणाला, "रिमोट दे." "कशापायी?" "दे म्हनतो ना." भर मंडपात, पंचांच्या पुढ्यात, त्यानं डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं.

आधी काहीच झालं नाही. मग करंगळी. मग सगळा हात आपल्या मूळ गावी परत आला, सामानसुमानासकट. मंडपात कुजबुज उठली. "आरं, काय करतोस?" बाजी खांबापासून सुटून पुढं आला. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, उलट भीती होती. "चालू कर त्ये. सावळ्या, मी थट्टा केली रं. चालू कर." "गप ऱ्हा," सावळाराम म्हणाला. "कंपनी भाईर गेलीया. मी बसवतोय." बाजी मागं खांबाशी सरला. डोळा एकदा शेंदराला लागून निसटला. एकदा मेणच बोटाला चिकटून राहिलं. पारूबाईनं पदराखाली टाक मुठीत धरला होता. सावळारामनं श्वास धरला, कुंचला वळायच्या आधी धरायचा तसा, आणि हात हेलकावत होता त्याच हेलकाव्यात, नाव धक्क्याला लागते तशी, डोळा दाबला.

बसला. थोडा वर, थोडा बाहेर. मंडपात कुणी हसलं नाही. देवाच्या तोंडावर एकाएकी कुणीतरी घरी आल्यासारखं झालं होतं. बाळाबाई हातावर भार देऊन उठली, मूर्तीच्या पायाशी गेली, वळली, आणि देवाच्या नजरेची रेघ धरत बोट फिरवत आली. बोट पंचांवरून गेलं, सावळारामच्या डोक्यावरून गेलं, आणि मागं थांबलं. "बाजीकडं बघतोय," ती म्हणाली. "यंदा द्येवाचं ध्यान बाजीवर हाय." पंचांनी एकमेकांकडं बघितलं. सगळ्यात थोरल्या पंचानं घसा साफ केला. "डोळा वाकडा हाय, हे तर दिसतंयच. पुढल्या साली मान बाजीचा. आनि द्येवानं बी तेच सांगितलं म्हंजी प्रश्नच मिटला." बाजीचं तोंड पडलं होतं. देवानं एवढ्या लोकांत आपल्यालाच का धरलं, ह्याचा तो मनात हिशेब करत असावा, आणि हिशेब लांबत चाललेला दिसत होता. "मला न्हाई जमायचं," तो हळूच म्हणाला. कुणी ऐकलं नाही.

सावळाराम मूर्तीसमोर उभा होता. हात धोतरावर फडफडत होता. तो डावीकडं सरकून वाकून बघत राहिला, मग उजवीकडं. मशीन बंद करून, इतक्या जणांदेखत आपण होऊन, आपल्या हातानं बसवलेला डोळा, आणि तो त्याच्या डोक्यावरून पार पलीकडं बघत होता. "चालू करू का मशीन?" पारूबाईनं विचारलं. "थांब," तो म्हणाला. गर्दीतून वाट काढत तो खांबाशी गेला, देवाच्या नजरेच्या रेघेत बाजीच्या अंगाला अंग लावून उभा राहिला, आणि थरथरत्या कोपरानं त्याला ढोसून म्हणाला, "सरक की जरा."

बाजी सरकला. पण पुरता नाही.